मान हलली म्हणजे पटले असे नव्हे

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर त्याला धरून राहील. मुंबईत शिक्षण पूर्ण करून आपण दुष्काळी पट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालात, त्याला सहा महिने झाले. समोरचा रुग्ण आपल्या प्रत्येक वाक्याला मान हलवतो, ‘व्हय डॉक्टर’ म्हणतो, आणि महिन्याने परत येतो तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्यांची निम्मी पट्टी तशीच शिल्लक असते. बायका नजर वर करत नाहीत, त्यामुळे त्या काही लपवत आहेत की काय, हे कळत नाही. देहबोलीवरचे काही व्हिडिओ आपण पाहिलेत, त्यांतल्या खुणा ओपीडीत लावून पाहिल्यात आणि गोंधळ वाढला. तर रुग्णाचे हावभाव वाचायला शिकावे कसे, असे आपण विचारता.

मी चौतीस वर्षे रुग्ण तपासतो आहे. पहिली नऊ वर्षे आपल्यासारख्याच केंद्रांत गेली, उरलेली तालुक्याच्या गावी स्वतःच्या दवाखान्यात. या काळात माझी एक धारणा पक्की होत गेली. रुग्णाच्या शरीरावर जे दिसते ते उत्तर म्हणून घेतले की आपण फसतो. पुढचा प्रश्न कुठे विचारायचा याची खूण म्हणून घेतले तर ते क्वचितच वाया जाते. खाली जे लिहितो आहे ते सगळे याच धारणेतून आलेले आहे.

प्रथम त्या व्हिडिओंविषयी. संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांवाचून होतो आणि शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के, हे वाक्य आपण त्यांत ऐकले असणारच. त्याचे मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन लहान प्रयोगांत आहे. त्यांत सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली होती, आणि बोलणाऱ्याची भावना अनुकूल आहे की प्रतिकूल एवढेच ऐकणाऱ्यांनी ओळखायचे होते. शब्द एक सांगतो आणि सूर दुसरे, अशा वेळी माणूस सुरावर आणि चेहऱ्यावर जास्त विसंबतो, इतकाच त्याचा निष्कर्ष होता. हे आकडे भावना आणि पसंती-नापसंती यांपलीकडे लागू होत नाहीत, असे खुद्द मेहराबियन यांनी पुढे स्पष्ट केले. गोळी सकाळी घ्यायची की रात्री, हे कोणी भुवयांनी सांगू शकत नाही.

खोटे ओळखण्याच्या खुणांचेही तसेच आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये तोवर झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत चोवीस हजारांहून अधिक लोकांनी समोरचा खरे बोलतो की खोटे, याचा निवाडा केला होता, आणि तो सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरला होता. नाणे उडवून ठरवले तरी ५० टक्के मिळतात. म्हणून नाकाला लागलेला हात, हाताची घडी, खाली गेलेली नजर यांचे अर्थ पाठ करू नका. डिसेंबरात सकाळच्या पहिल्या एसटीने आलेला म्हातारा हाताची घडी घालून बसतो, कारण त्याला थंडी वाजते. बाई पोटावर हात आवळून बसते तेव्हा ती आपल्याला विरोध करत नसते, तिचे पोट दुखत असते.

मग पाहायचे काय? बदल पाहायचा. आपल्या भाषेने हे फार पूर्वीच नोंदवून ठेवले आहे. चेहरा पडला, आवाज बसला, खांदे पाडले, तोंड फिरवले, अंग चोरले, आवंढा गिळला: या सगळ्या वाक्प्रयोगांत आधीची एक स्थिती गृहीत आहे. चेहरा पडला असे आपण म्हणतो तेव्हा क्षणापूर्वी तो पडलेला नव्हता, हे त्यात येतेच. म्हणून रुग्ण आत येताच तक्रारीकडे वळण्याआधी अर्धा मिनिट साध्या गोष्टी विचारा. कुठल्या वाडीवरून आलात, पाऊस झाला का, बरोबर कोण आले आहे. त्या अर्ध्या मिनिटात हा माणूस भीतीशिवाय कसा बोलतो, किती भरभर बोलतो, किती हात हलवतो, डोळ्यांत पाहतो की नाही, हे दिसून जाते. ती झाली त्या माणसाची मूळ पट्टी, म्हणजे त्याची नेहमीची रीत. पुढे साखरेचा, दारूचा किंवा घरच्यांचा विषय निघाल्यावर त्या पट्टीपासून तो कुठे सरकला, एवढेच लक्षात ठेवायचे असते. मुळातच कमी बोलणाऱ्याचे गप्प बसणे काही सांगत नाही. आतापर्यंत मोकळेपणाने बोलणारी बाई एका प्रश्नावर गप्प झाली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली, तर तो प्रश्न नेमका कोणता होता, हे केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आता मान हलवण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपली मुख्य अडचण तीच आहे आणि माझ्याही पहिल्या दोन-तीन वर्षांत तीच होती. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. आजी गोष्ट सांगता सांगता थांबते आणि म्हणते, ‘हुंकार दे, म्हणजे मला कळेल तू जागा आहेस.’ आपल्या रुग्णाची मान बहुतेक वेळा हा हुंकार देत असते. मी ऐकतो आहे, तुमचा मान राखतो आहे, पुढे बोला, असा तिचा अर्थ. आपण तिला संमती समजतो. मग महिन्याने शिल्लक गोळ्या पाहून तो आपल्याशी खोटे बोलला असे आपल्याला वाटते, आणि त्याला मात्र आपण उगाच का रागावलो, हे कळत नाही.

पटल्याची मान निराळी असते. ती सावकाश हलते, बहुधा एकदाच, तिच्या आधी क्षणभर विराम असतो आणि तिच्यामागून प्रश्न येतो: ‘मग जेवणाआधी का जेवणानंतर?’ असा प्रश्न आला की मी निश्चिंत होतो, कारण तो माणूस मनाने घरी पोहोचून ती गोळी हातात घेऊन उभा असतो. तिसरी मान घाईची. आपले वाक्य पूर्ण होण्याआधीच ती दोन-तीनदा भराभर हलते, हात पिशवीकडे गेलेला असतो आणि पावले दाराकडे वळलेली असतात. साडेअकराची एसटी चुकली तर पुढची दोनला आहे, हे त्याला ठाऊक असते आणि आपल्याला नसते. अशा वेळी सगळा उपदेश सोडून एकच अत्यंत महत्त्वाची गोष्ट सांगावी. चौथी मान तिरकी, किंचित खांद्याकडे झुकणारी, आणि तिच्यासोबत ‘बघू’ किंवा ‘करू की’. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचे नसते, अशा संस्कारात वाढलेल्या माणसाचा तो बहुतेक वेळा नकार असतो. जिभेने टाळूवर केलेला ‘च्’ हा स्पष्ट नकारही आपल्या भागात ऐकू येतो, पण डॉक्टरांसमोर सहसा नाही. तो बरोबरच्या नातेवाइकाकडे पाहून केला जातो. म्हणून नातेवाइकाशी होणाऱ्या त्या क्षणभराच्या देवाणघेवाणीकडे लक्ष असू द्या.

इतके वर्गीकरण करूनही मी मानेवर विश्वास ठेवत नाही. मी विचारतो, ‘घरी गेल्यावर सूनबाईंना या गोळीबद्दल काय सांगाल? मला सांगून दाखवा, मी नीट समजावलं की नाही ते मला बघायचंय.’ परीक्षा रुग्णाची चालली आहे असे त्याला वाटू नये, म्हणून वाक्याचा दुसरा भाग आवश्यक आहे. एकदा एका आजींनी अशा वेळी मला सांगितले, ‘रोज एक, पण उपासाच्या दिवशी न्हाई.’ सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे सगळे उपास मोजल्यावर महिन्यातल्या दहा-बारा गोळ्या त्या मनापासून, कसलाही लपंडाव न करता सोडत होत्या. माझ्या प्रत्येक वाक्याला त्यांनी मान हलवली होती आणि तीत खोटे काहीच नव्हते. उपासाला गोळी चालते का, हा प्रश्न त्यांच्या मनात उठलाच नव्हता आणि माझ्याही उठला नव्हता. दुसरी दोन नेहमीची कारणे म्हणजे ‘बरं वाटलं म्हणून बंद केली’ आणि ‘गोळी गरम पडते’. ही तिन्ही कारणे आपण स्वतः नाव घेऊन विचारावीत. नाव घेतले की रुग्णाचा चेहरा सैलावतो, आणि तो बदल मात्र भरवशाचा असतो.

शरीराच्या काही खुणा माणसाला सहज आवरता येत नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे अंग ताठणे, घाम, काटा येणे, आवाज फुटणे, कंप, रंग उतरणे, डोळे भरणे आणि भान हरपणे. हातवारे नट ठरवून करू शकतो, पण हे भाव मन त्यात पूर्ण एकवटल्याशिवाय रंगभूमीवरही येत नाहीत, असे तिथे म्हटले आहे. आपण ज्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतो, म्हणजे शरीरातल्या आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणारी, तिचीच ही यादी आहे, आणि ओपीडीत मला ती कोणत्याही व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे. तरीही तिची मर्यादा विसरू नये. आत काहीतरी ढवळले आहे एवढेच ती सांगते, का ढवळले ते सांगत नाही. मधुमेही रुग्णाला बोलता बोलता घाम फुटला आणि हात थरथरले, तर तो घाबरला आहे असे मानण्याआधी बोटाला सुई टोचून साखर पाहा. फार उतरली असेल तर त्या क्षणी त्याला सहानुभूती नको असते, साखरपाणी हवे असते. आणि केवळ दवाखान्यात रक्तदाब वाढणारे लोक असतातच. त्यांचा कंप आपल्या मशीनला पाहून आलेला असतो.

इथेच आपल्या शास्त्राची जुनी शिकवण आठवावी. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तिन्हींनी करावी असे सांगितले आहे, आणि त्यात पहिले स्थान पाहण्याला आहे. मुतखड्याच्या कळेने आलेला माणूस एका जागी ठरत नाही, बाकावर लोळतो, उठतो, पुन्हा बसतो. पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आलेला रुग्ण उलट निपचित पडून राहतो आणि खाटेला धक्का लागला तरी कळवळतो. छातीतल्या दुखण्याविषयी विचारल्यावर एका बोटाने जागा दाखवणारा आणि मूठ आवळून छातीच्या मधोमध ठेवणारा, या दोघांत दुसऱ्याचा ईसीजी आधी काढावा. बोट दाखवणाऱ्याला मात्र एवढ्यावरून निर्धास्त करून घरी पाठवू नये. दमेकरी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे झुकून बसतो. पोट तपासताना आपली नजर रुग्णाच्या पोटावर नको, चेहऱ्यावर हवी. ‘दुखत नाही’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या भुवया जवळ येतात आणि डोळे बारीक होतात ते नेमके कोणत्या जागी, हे आपल्या बोटांच्या आधी त्याचा चेहरा सांगतो.

माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण बदलावर मी इतका भर का देतो हे त्यातून समजेल. दवाखाना नवीन असताना एक निवृत्त शिक्षक वर्षभर माझ्याकडे येत होते. चेहऱ्यावरची रेष हलत नसे, पापण्या फार कमी लवत, आवाज एकसुरी. मी काही सांगितले की ते माझ्याकडे नुसते पाहत राहत. हा माणूस घुम्या आहे, कदाचित माझ्यावर नाराज आहे, असे मी ठरवून टाकले आणि त्यांच्याशी मोजके बोलू लागलो. एक दिवस त्यांच्या पत्नी सोबत आल्या आणि सहज म्हणाल्या, ‘आता हे हसतच नाहीत हो. शाळेत होते तेव्हा पोरं यांच्या नकलांवर लोळायची.’ मी त्यांना उठून चालायला सांगितले. उजवा हात चालताना झुलत नव्हता. तो पार्किन्सनचा आजार होता. त्यात चेहऱ्याचे स्नायू मंदावतात आणि आतली भावना शाबूत असूनही ती बाहेर उमटत नाही. वर्षभर मी एका आजाराला स्वभाव समजत होतो, आणि त्यांची मूळ पट्टी त्यांच्या पत्नीजवळ होती. तेव्हापासून सोबत आलेल्या माणसाला मी एक प्रश्न नेहमी विचारतो: ‘हे आधीपासून असेच आहेत, की अलीकडे बदलले?’

बायकांच्या नजरेविषयी आपण विचारले आहे. खाली गेलेली नजर मर्यादेची असते, संकोचाची असते, कित्येकदा केवळ आठवण्याच्या प्रयत्नाची असते. आपणही एखादी तारीख आठवताना समोरच्याच्या चेहऱ्यावरून नजर काढून घेतोच. तिच्यावरून सचोटी ठरवणे अन्यायाचे आहे. नजर खाली आहे की वर, यापेक्षा उत्तर देण्याआधी ती कोणाकडे जाते ते पाहा. पाळी कधी आली होती या प्रश्नावर सुनेने आधी सासूकडे पाहिले आणि उत्तर सासूने दिले, तर ती सून अजून आपली रुग्ण झालेली नाही. सासूबाईंचा अपमान न करता दोघींना वेगळे करणे हे कौशल्य आहे. मी सिस्टरना सांगून ठेवतो की वजन आणि लघवीची तपासणी आतल्या खोलीत होईल आणि तिथे पेशंट एकटाच जाईल. नियम सगळ्यांना सारखा असल्यामुळे कोणाला संशय येत नाही. पुरुष डॉक्टरने अशा वेळी सिस्टर किंवा आशा ताई जवळ असल्याशिवाय तपासणी करू नये, हे वेगळे सांगायला नको.

तिथे, घरचे कोणी नसताना, सरळ शब्दांत विचारावे. दंडावरचे व्रण आणि सांगितलेले कारण जुळत नाही, नवरा सगळी उत्तरे स्वतः देतो, ती त्याच्या हालचालीने दचकते, या खुणा एकत्र दिसल्या तर मी विचारतो, ‘घरी कोणी हात उगारतं का? मी हे इथं येणाऱ्या पुष्कळ बायकांना विचारतो.’ ती नाही म्हणाली तर आग्रह धरत नाही, तिच्या नाहीचा मान ठेवतो आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक सिस्टरकडून तोंडी सांगवतो. कागदावर लिहून देत नाही, कारण तो घरी कोणाच्या हाती लागेल हे आपल्याला माहीत नसते. कित्येक बायका तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलल्या आहेत. पहिल्या भेटीत त्या फक्त आपले शरीर वाचत होत्या: हा माणूस ऐकून घेईल का, आणि ऐकले ते बाहेर सांगेल का.

म्हणूनच या विषयातला माझ्या मते सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आपल्या स्वतःच्या देहबोलीचा आहे. रुग्ण आपल्याला आत येण्याआधीपासून पाहत असतो. आपण पुढच्याशी कसे बोललो, ते त्याने रांगेत उभ्याउभ्या ऐकलेले असते. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत दाखवून दिले की रुग्ण बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात. स्वित्झर्लंडमधल्या बासेल येथील डॉक्टरांनी २००२ मध्ये त्याची दुसरी बाजू पाहिली. रुग्णाला मध्ये न अडवता बोलू दिले, तर तो सरासरी दीड मिनिटात आपणहून थांबतो, आणि दोन मिनिटांत तर तीन-चतुर्थांशाहून अधिक रुग्णांचे बोलणे संपते. आपल्या ओपीडीत सकाळी शंभर माणसे असतात, प्रत्येकाला दीड मिनिट कुठून आणायचे, हा आपला आक्षेप मला मान्य आहे. मीही तो वर्षानुवर्षे करत होतो. पण न ऐकलेले ते दीड मिनिट पुढच्या तीन भेटींत परत वसूल होते, हे मी माझ्याच जुन्या नोंदींत पाहिले आहे. सर्वांना जमत नसेल तर नव्या रुग्णांना द्या, आणि जो महिन्यात तिसऱ्यांदा त्याच तक्रारीने आला आहे त्याला द्या.

बसण्याच्या रचनेला खर्च येत नाही. टेबलाच्या पलीकडे ठेवलेले रुग्णाचे स्टूल उचलून टेबलाच्या कडेला, आपल्या खुर्चीशी काटकोनात आणा. मधला अडसर जातो, नाडी पाहायला हात पोहोचतो, आणि संकोची माणसाला थेट आपल्या डोळ्यांत पाहण्याची सक्ती राहत नाही. राउंडला खाटेपाशी गेल्यावर उभ्याने बोलू नका, बसा. कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयात झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर बसून बोलले तेव्हा रुग्णांना त्यांनी जास्त वेळ दिला असे वाटले, प्रत्यक्षात तो वेळ जास्त नव्हता. संगणकावर नोंद करायची असेल तर ‘एक मिनिट, तुम्ही सांगितलं ते लिहून घेतो’ असे म्हणून लिहा. न सांगता स्क्रीनकडे वळलेला चेहरा आणि सांगून वळलेला चेहरा, यांत रुग्णाला फार फरक वाटतो. आणि हात लावा. ‘डॉक्टरांनी हातसुद्धा लावला नाही’ ही आपल्या भागातली सर्वांत खोल तक्रार आहे. निदान पक्के झाले असले तरी नाडीवर बोटे आणि पाठीवर स्टेथोस्कोप ठेवल्याशिवाय आपल्याला तपासले, असे रुग्णाला वाटत नाही.

सुराची गोष्ट त्याहून नाजूक आहे. नलिनी अंबाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शल्यचिकित्सकांच्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांतले केवळ दहा दहा सेकंदांचे तुकडे घेतले, शब्द कळणार नाहीत असे ते गाळून फक्त सूर ठेवला आणि लोकांना ऐकवले. ज्यांच्या सुरात वरचढपणा जाणवला, त्यांच्यावर पूर्वी रुग्णांनी दावे लावलेले असण्याची शक्यता अधिक होती. आपण बाराच्या सुमारास, पोटात भूक असताना, सत्तराव्या रुग्णाला ‘मग गोळ्या घेतल्या का नाहीत?’ असे विचारतो तेव्हा शब्द प्रश्नाचे असतात आणि सूर फटकारण्याचा असतो. त्या सुराला तो माणूस मान हलवूनच उत्तर देणार. ‘किती दिवस राहिल्या घ्यायच्या? दोन, चार, की जास्त?’ असे खालच्या आवाजात विचारले तर खरा आकडा मिळतो.

अंतराविषयी एवढेच की एडवर्ड हॉल या मानवशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये माणसामाणसांतील अंतराचे जे टप्पे मांडले, जवळच्या माणसासाठी ४५ सेंटिमीटरपर्यंत आणि ओळखीच्यासाठी सव्वा मीटरच्या आसपास, ते अमेरिकेतल्या मध्यमवर्गाच्या निरीक्षणावरचे होते, हे त्यांनीच सांगितले आहे. आपल्या ओपीडीत पुढचा रुग्ण आधीच्याच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो आणि कोणालाही गैर वाटत नाही. पण कोणाला गैर वाटत नसले तरी बाई अंगावरून पांढरे जाते हे तिथे सांगणार नाही, ती ‘कंबर दुखते’ एवढेच सांगेल. दाराला पडदा आणि आत एका वेळी एकच रुग्ण, एवढी व्यवस्था शिपायाला सांगून आजच करा.

ज्या माणसाला मी कधीही घाईने सोडत नाही, त्याच्याविषयी लिहितो. झोप लागत नाही, अंग दुखते, ताकद वाटत नाही, एवढीच तक्रार घेऊन मधल्या वयाचा शेतकरी येतो. खुर्चीवरून उठायला वेळ लावतो, प्रत्येक उत्तराआधी थांबतो, आवाज वाक्याच्या शेवटी विझतो, दाढी वाढलेली असते, आणि सोबत आलेली बायको त्याच्याकडे न पाहता माझ्याकडे एकटक पाहत असते. या खुणा एकेकट्या काही सिद्ध करत नाहीत. एकत्र दिसल्या की मी पडदा ओढून, त्याच्या शेजारी बसून विचारतो, ‘जगणं नको वाटतं का कधी? जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, ही भीती निराधार आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारले याने हलके वाटते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे घरी पाठवायचे नाही, फवारणीचे औषध घरात कुठे ठेवले आहे ते बायकोला विचारून तिथून हलवायला सांगायचे, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी त्याच दिवशी बोलायचे, आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये आपल्यासमोर साठवून द्यायचा. तो पुढच्या भेटीत अचानक शांत, निवांत दिसला तर तेवढ्यावर समाधान मानू नका. बदल दोन्ही दिशांचा मोजायचा असतो, म्हणून तेव्हाही पुन्हा तोच प्रश्न विचारा.

शेवटची गोष्ट भेट संपतानाची. कित्येकदा खरे दुखणे उंबरठ्यावर निघते. रुग्ण उठतो, पडद्याला हात लावतो आणि वळून म्हणतो, ‘आणि एक विचारायचं होतं.’ आपल्याकडे केसपेपर हातात पडला की भेट संपली, असे सगळे धरून चालतात. म्हणून औषध लिहून झाल्यावर मी तो कागद लगेच देत नाही, टेबलावर माझ्या हाताखाली राहू देतो आणि विचारतो, ‘आणखी काय होतंय?’ पूर्वी मी ‘आणखी काही नाही ना?’ असे विचारत असे आणि त्याला नेहमी मान हलवूनच उत्तर मिळे. हे विचारून पाच सेकंद गप्प राहा. ज्याला काही सांगायचे नसते तो कागदासाठी हात पुढे करतो. ज्याला सांगायचे असते तो कागदाकडे पाहतो, दाराकडे पाहतो, आणि स्टुलावरून उठत नाही.